हायड्रोजन कुठे बसलाय?

राजगोपाल चिदंबरम ४ जानेवारी २०२५ ला गेले. त्यानंतर मी जे जे वाचलं त्यात पोखरण होतंच. साहजिक आहे म्हणा, १९७४ आणि १९९८ या दोन्ही चाचण्यांत त्यांचा मोठा वाटा होता. पण कधीकाळी स्फटिकशास्त्राचा पेपर दिलेल्या माझ्यासारख्याला चुटपुट लागून राहिली. अहो, हा माणूस मुळात स्फटिकवाला!

आता घरची मंडळीही हे वाचतात, म्हणून थोडं सविस्तर. स्फटिकात अणू कुठे बसलेत हे शोधायला सहसा क्ष-किरण वापरतात. क्ष-किरण विखुरतात ते इलेक्ट्रॉनांमुळे. हायड्रोजनकडे इलेक्ट्रॉन एकच, तोही शेजाऱ्याकडे ओढलेला. त्यामुळे जड अणूंच्या गर्दीत हायड्रोजन धड दिसत नाही, आणि दिसला तर शेजाऱ्याच्या जरा जास्तच जवळ दिसतो. न्यूट्रॉनचं तसं नाही. तो इलेक्ट्रॉनांच्या ढगाला विचारत नाही, थेट अणुकेंद्रावरून विखुरतो. त्याला हायड्रोजन स्वच्छ दिसतो. मँगनीज आणि लोखंड हे आवर्तसारणीतले शेजारी क्ष-किरणांना जुळे वाटतात, न्यूट्रॉनला ते अगदी वेगळे. शिवाय न्यूट्रॉन स्वतःच एक चिमुकलं चुंबक, म्हणून पदार्थातल्या चुंबकत्वाची मांडणीही कळते. या विद्येसाठी ब्रॉकहाउस आणि शल यांना १९९४ चं नोबेल मिळालं. त्यातल्या ब्रॉकहाउसबरोबर कॅनडात चॉक रिव्हरला जर्मेनियमवर काम करून आले होते आपले पी. के. अय्यंगार!

तर ट्रॉम्बेला (मराठीत तुर्भे, पण वाशीजवळचं नव्हे हो) १९६० साली सायरस अणुभट्टी सुरू झाली. १९७४ च्या चाचणीचं प्लुटोनियम तिथलंच, हे सगळे सांगतात. पण त्याच भट्टीच्या भिंतीतल्या भोकांतून न्यूट्रॉनचे झोत बाहेर काढून चिदंबरम आणि त्यांचे सहकारी ॲमिनो आम्लांच्या स्फटिकांत हायड्रोजनच्या जागा मोजत होते. ॲमिनो आम्लं म्हणजे आपल्या प्रथिनांच्या विटा, आणि त्या विटा एकमेकींना धरतात बऱ्याच अंशी हायड्रोजन बंधांनी. हायड्रोजन नक्की कुठे आहे हे माहीत नसेल तर त्या बंधाबद्दल नुसत्या गप्पाच. हे मोजमाप जगभरच्या रसायनशास्त्रज्ञांना उपयोगी पडलं. त्याचा मथळा कधी झाला नाही.

माझं म्हणणं, बाँब विसरा असं नाही. एकाच भट्टीतून दोन्ही निघालं, तर आठवण दोन्हींची हवी. नाहीतर होतं काय, की अशा भट्टीकडे सरकार आणि आपण फक्त संरक्षणाच्या चष्म्यातून बघतो, आणि झोताशेजारी रात्र जागवणारी पोरं कुणाच्या खिजगणतीत नसतात.

"पण उपयोग काय?" हा आमच्या घरातला आवडता प्रश्न. उपयोग हा, की आता न्यूट्रॉनने नुसती मोजमापं नाहीत, चित्रंही काढता येतात. जाड लोखंडातून न्यूट्रॉन आरपार जातो. लोखंडाच्या स्फटिकात एका ठरावीक तरंगलांबीपुढे, साधारण ४.०५ अँगस्ट्रॉमनंतर, त्याला विखुरणारा अणूंचा थरच उरत नाही आणि पलीकडे पोचणारे न्यूट्रॉन एकदम वाढतात. ही पायरी किंचित सरकली, तर समजावं की तिथे स्फटिक ताणलाय किंवा दबलाय. चित्राच्या ठिपक्याठिपक्याला असं तपासलं की वेल्डिंगच्या सांध्यात ताण कुठे साठलाय याचा नकाशाच मिळतो. सांधा न कापता! जुन्या जपानी तलवारीही या पद्धतीने न मोडता तपासल्या गेल्यात.

आणि नेमक्या याच काळात झोत कमी होतायत. सायरस २०१० च्या अखेरीस बंद झाली, अमेरिकेबरोबरच्या अणुकराराचा भाग म्हणून. ब्रॉकहाउसच्या चॉक रिव्हरची मोठी भट्टी २०१८ ला, बर्लिनची आणि पॅरिसजवळची २०१९ ला. आपल्याकडे मुख्य भिस्त ध्रुववर, आणि ती १९८५ ची. विद्यापीठातली मुलंही तिथेच येतात. अशी भट्टी किंवा नवा स्रोत उभा राहायला दहा-पंधरा वर्षं सहज जातात, म्हणजे निर्णय आज घेतला तरी उशीरच म्हणायचा. स्वीडनमध्ये लुंडला अनेक युरोपीय देशांनी मिळून नवा स्रोत बांधायला घेतला तो याच हिशेबाने. आपण चंद्रावर यान उतरवतो, मग केवळ न्यूट्रॉनसाठी एक चांगला स्रोत का बांधू नये?