न विचारलेला प्रश्न

अध्यापक घडविणाऱ्या महाविद्यालयांतून हल्ली विद्यार्थ्यांना मोठ्या अगत्याने विचारले जाते, ‘तुमचे समाधान झाले काय?’ ‘नॅक’ या मूल्यांकन परिषदेने २०१७ च्या सुधारित पद्धतीत विद्यार्थ्यांच्या समाधानाची पाहणी आणली. तिच्या सर्वसाधारण प्रश्नावलीत २१ प्रश्न आहेत. प्रोजेक्टर आणि तत्सम साधने किती अध्यापक वापरतात, हाही त्यांतलाच एक. परंतु त्या साधनांतून निघणारा शब्द विद्यार्थ्याच्या कानी कोणत्या भाषेत पडतो, हे विचारण्याची गरज प्रश्नकर्त्यांना भासलेली नाही! पंगतीला बसलेल्या पाहुण्याला ‘ताट चकचकीत होते ना?’ एवढेच पुसावे आणि ताटात काय वाढले होते याची चौकशीच करू नये, तशातला हा प्रकार आहे.

पुण्याच्या विद्यार्थ्याचे यात काही बिघडत नाही. आदिलाबादच्या मराठी विद्यार्थ्याचे सारेच बिघडते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी किनवट नि राजुरा तालुके आणि इस्लापूरचा भाग आदिलाबाद जिल्ह्यातून निघून अलीकडे आला आणि मुधोळ, भैंसा, कुबीर ही मंडळे नांदेडातून निघून पलीकडे गेली. त्या रेषेचा वाद आज आम्हाला येथे मांडायचा नाही. पुढे २०१४ साली राज्य बदलले, २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. पण बेला, जैनथ, तामसी, भैंसा येथल्या घरांतली मराठी काही कोणी उचलून नेली नाही. तेथल्या मराठी शाळेला शिक्षक हवा, आणि तो घडायचा तेलंगणातच.

तो घडतो कसा, ते पाहा. प्राथमिक शिक्षकाच्या दोन वर्षांच्या पदविकेसाठी डीईईसेट नावाची प्रवेश परीक्षा आहे. ती होते तेलुगू, इंग्रजी आणि उर्दू या तीन माध्यमांत. उलट शिक्षक पात्रता परीक्षेत, म्हणजे ‘टेट’मध्ये, मराठी ही पहिली भाषा म्हणून निवडण्याची मुभा आहे. दारातून आत शिरताना मराठी चालत नाही, आणि बाहेर पडताना मात्र मराठीची परीक्षा द्या म्हणतात! मधल्या दोन वर्षांत त्या मुलाने मराठी शिकविण्याची विद्या कोठून पैदा करायची?

कोणी म्हणेल, अध्यापनशास्त्र सर्व भाषांत सारखेच. हे म्हणणाऱ्याने पहिलीच्या वर्गापुढे एक तास उभे राहून पाहावे. ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘ट्रक’, ‘दऱ्या’ या चार शब्दांत एकच ‘र’ चार रूपे घेऊन बसला आहे. तो मुलाच्या गळी कसा उतरवायचा, हे तेलुगू चित्रफीत सांगू शकत नाही, कारण तेलुगूत जोडाक्षराची मांडणी निराळी. अंकांचेही तेच. तेलुगू बाजारात मूल ‘इरवै ऐदु’ ऐकते, म्हणजे वीस आधी, पाच मागून. घरी ऐकते ‘पंचवीस’, पाच आधी, वीस मागून. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ अशी वाचनाची रीत आणली तेव्हा साऱ्या महाराष्ट्रात गदारोळ उठला होता. आदिलाबादचे मराठी पोर तो घोळ रोज, कोणताही गदारोळ न करता, निस्तरते. त्याच्या शिक्षकासाठी हा धडा रचायचा कोणी? तेलुगूशी आमचे वैर नाही. शेजारची ती समृद्ध भाषा आमच्या मुलांनी उत्तम शिकावी. पण शेजाऱ्याच्या चष्म्याने आपले पुस्तक वाचता येत नाही.

साधने नाहीत असेही नाही. ५ सप्टेंबर २०१७ रोजी केंद्राने शिक्षकांसाठी ‘दीक्षा’ हे व्यासपीठ उघडले, आणि बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड तेथल्या मराठी धड्यांपाशी नेतात. मात्र ते धडे महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमाबरहुकूम बेतलेले, आणि आमच्या विद्यार्थ्याला पुढे शिकवायचा आहे तेलंगणाचा अभ्यासक्रम. कोणता मराठी धडा तेलंगणाच्या कोणत्या पाठाला लागू पडतो, याचा तक्ता पुणे आणि हैदराबाद येथल्या दोन शैक्षणिक संशोधन परिषदांनी एकत्र बसून करावा. एका उन्हाळ्याच्या सुट्टीचे हे काम! यात दोष एकट्या हैदराबादचा नाही. सीमेपलीकडच्या मराठीसाठी गहिवरणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांनाही ते सुचू नये, याची आम्हाला अधिक लाज वाटते.

‘मूठभर विद्यार्थ्यांसाठी एवढा खर्च कशाला?’ ही सबब छापखान्याच्या काळी एक वेळ चालली असती. हजार प्रती खपल्याशिवाय पुस्तक परवडत नसे. ध्वनिचित्रमुद्रित धडा एकदा तयार झाला की तो दहांनी पाहिला काय नि दहा हजारांनी पाहिला काय, करण्याचा खर्च तोच.

आणि याच जिल्ह्याचा इतिहास या सबबीच्या विरुद्ध साक्ष देतो. १९४० साली जोडेघाटला कुमराम भीम निजामी पोलिसांच्या गोळीने पडला. त्यानंतर जाग्या झालेल्या निजाम सरकारने हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांमध्ये पाठविले, आणि १९४३ साली मारलवाईच्या झोपड्यांत गोंड तरुणांना शिक्षक करणारे केंद्र उघडले. वाचनपुस्तके गोंडी भाषेत, देवनागरी लिपीत छापली गेली. ज्या राजवटीने १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ उर्दूत उभारले, तिला जंगलातल्या मारलवाईत आधी शिकणाऱ्याची भाषा पाहावी लागली. वीज नाही, तार नाही, आणि तरीही! आज गोंडी आणि कोलामी बोलणाऱ्या मुलांचाही हाच हक्क आहे. मराठीसाठी मागायचा आणि त्यांच्यासाठी विसरायचा, हा दुटप्पीपणा आम्ही करणार नाही. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले ३५० (अ) हे कलम प्राथमिक शिक्षणासाठी मातृभाषेची पुरेशी सोय करण्याचा यत्न राज्यावर सोपविते. शिक्षकच त्या भाषेत घडला नाही, तर ती सोय कशी व्हायची?

त्या प्रश्नावलीच्या शेवटी तीन सूचना लिहिण्यापुरती जागा मोकळी सोडलेली असते. ज्यांच्या महाविद्यालयात ती येईल, त्या आमच्या मराठी विद्यार्थ्यांना आमचे सांगणे आहे: तिन्ही ओळींत ‘धडे मराठीत द्या’ एवढेच लिहा, आणि प्रश्नावली परत करण्यापूर्वी तिची एक प्रत आपल्यापाशी ठेवा.