विद्येने डोंगर चढावा

विद्यापीठ म्हटले की भव्य इमारती, ग्रंथालये आणि प्रयोगशाळा आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. हिमालयाच्या उतारावरील पायऱ्यांच्या शेतात राबणाऱ्या माणसाचा ह्या वैभवाशी काय संबंध, असा प्रश्न तुमच्या मनात येणे स्वाभाविक आहे. माझ्या मते हा संबंध फार निकटचा आहे; मात्र तो जुळून येण्यासाठी विद्येने डोंगर चढावयास हवा, आणि तोही वेळेवर. उत्तराखंडाच्या चमोली जिल्ह्यातील रैणी ह्या लहानशा गावाची हकीकत ह्या दृष्टीने बोधप्रद आहे.

१९७० च्या जुलै महिन्यात अलकनंदा नदीला मोठा पूर आला. डोंगरावरील झाडे तुटत गेल्यामुळे पुराचा तडाखा वाढला, असे तेथील लोकांनी ताडले. त्यांच्या लेखी झाड म्हणजे केवळ लाकूड नव्हते. उतारावरची माती त्याच्या मुळांनी धरून ठेवली होती. पुढे रैणीच्या जंगलातील सुमारे अडीच हजार झाडांचा लिलाव झाला. २६ मार्च १९७४ रोजी, गावातील पुरुष बाहेर गेले असता, ठेकेदाराची माणसे कुऱ्हाडी घेऊन आली. तेव्हा गौरादेवी आणि त्यांच्या सोबतच्या स्त्रियांनी त्यांची वाट अडवली. झाडे वाचली. चिपको आंदोलनातील हा प्रसंग पुष्कळांना ठाऊक असतो.

त्यानंतर काय घडले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. तेव्हाच्या उत्तर प्रदेश शासनाने चौकशीसाठी एक समिती नेमली. वनस्पतिशास्त्राचे दिल्लीतील प्राध्यापक वीरेंद्रकुमार हे तिचे अध्यक्ष होते, आणि चंडीप्रसाद भट्ट ह्यांच्यासारखे स्थानिक कार्यकर्ते तिचे सदस्य होते. सुमारे दोन वर्षांनी समितीने अहवाल दिला. गावकऱ्यांचे म्हणणे त्यात खरे ठरले. त्यावरून अलकनंदेच्या वरच्या खोऱ्यातील सुमारे १२०० चौरस किलोमीटर क्षेत्रात व्यापारी वृक्षतोडीला दहा वर्षे बंदी घालण्यात आली. अनुभवाने मिळालेले ज्ञान आणि शास्त्राने मिळालेले ज्ञान येथे हातात हात घालून उभे राहिले, म्हणूनच शासनाला ते मानावे लागले.

विद्येचा उपयोग केवळ रक्षणापुरता नाही, तर उपजीविकेसाठीही आहे. लोकांच्या आंदोलनातून १९७३ साली श्रीनगर-गढवाल येथे विद्यापीठ स्थापन झाले. उंच पर्वतावरील वनस्पतींचा अभ्यास करणारे एक केंद्र तेथे आहे. आपल्याकडील वैद्य जी कुटकी वापरतात, ती हिमालयातून येते. रानातील कुटकी मुळासकट उपटली जाते, त्यामुळे ती दुर्मीळ होत चालली आहे. ह्या केंद्रातील संशोधकांनी तिच्या लागवडीची पद्धत अभ्यासली आणि शेतकऱ्यांना शिकवली. रान राखावे आणि चार पैसेही मिळावेत, असा हा मार्ग आहे.

कोणी म्हणेल, संशोधन सत्यासाठी करावयाचे असते, उपयोगासाठी नव्हे. हे खरे आहे. परंतु ज्यांच्या जीवनाविषयी ते सत्य आहे, त्यांच्यापर्यंतच ते पोहोचले नाही तर काय होते, हेही त्याच रैणीने पाहिले. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी रोंटी शिखराच्या उतारावरून सुमारे दोन कोटी सत्तर लक्ष घनमीटर खडक आणि बर्फ कोसळले. ऋषिगंगेतून चिखलपाण्याचा प्रचंड लोंढा आला, वीजप्रकल्प उद्ध्वस्त झाले आणि दोनशेहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. काही महिन्यांतच शास्त्रज्ञांनी उपग्रहांच्या छायाचित्रांवरून त्याचे कारण शोधून काढले. एवढेच नव्हे, तर त्या प्रदेशातील भूकंपमापक यंत्रांनी ते कोसळणे त्याच वेळी टिपले होते, हेही त्यांनी दाखवून दिले. परंतु ती नोंद ओळखून खाली काम करणाऱ्या मजुरांना सावध करील, अशी कोणतीही व्यवस्था तेथे नव्हती. ज्ञान होते, ते खाली उतरले नाही.

म्हणून मला वाटते की, डोंगराळ प्रदेशातील प्रत्येक संशोधनाला दोन कसोट्या लावाव्यात. ते आरंभी तेथील लोकांचे ऐकते काय? आणि शेवटी त्यांच्या भाषेत, त्यांच्या दारी परत येते काय? ह्या दोन्हींपैकी एक जरी चुकले, तरी उत्तम प्रबंधही ग्रंथालयाच्या फडताळातच राहतो.

ही गोष्ट केवळ हिमालयाची नाही. आपल्या सह्याद्रीतही २०१४ साली माळीण आणि २०२३ साली इरशाळवाडी दरडीखाली गाडली गेली. विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी काही जण उद्या विद्यापीठात जातील, काही संशोधनही करतील. तेव्हा एखाद्या डोंगरवाडीत जाऊन तेथील म्हाताऱ्या आजीला विचारा, की हा झरा पूर्वी किती दिवस वाहत असे आणि ही भेग केव्हापासून दिसते. तिचे उत्तर वहीत उतरवून घ्या. आणि अभ्यास पुरा झाल्यावर, त्यातून काय निष्पन्न झाले ते सांगावयास पुन्हा तिच्याकडे जा.