साक्ष, शब्द आणि स्मरण

खरे आणि खोटे यांत अंतर चार बोटांचे, असे जुनी माणसे सांगतात. कानांनी ऐकलेले खोटे, डोळ्यांनी पाहिलेले खरे! म्हणूनच 'मी प्रत्यक्ष पाहिले' असे साक्षीदार म्हणाला, की सारे गप्प होतात. परंतु या चार बोटांवरही फार विसंबू नये, असे मानसशास्त्र सांगते.

१९७४ साली अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १५० विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची छोटी फिल्म दाखविली. मोटारी एकमेकींना 'धडकल्या' तेव्हा वेग किती होता, असे ५० जणांना विचारले. दुसऱ्या ५० जणांना तोच प्रश्न, पण 'धडकल्या'ऐवजी चक्काचूर सुचविणारे जोरकस क्रियापद घालून. उरलेल्या ५० जणांना वेगाचे विचारलेच नाही. आठवड्याने सर्वांना विचारले, "फुटलेली काच दिसली का?" फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती! तरी जोरकस शब्द ऐकलेल्यांपैकी १६, साधा शब्द ऐकलेल्यांपैकी ७ आणि उरलेल्यांपैकी ६ जण 'होय' म्हणाले.

यांतले कुणी लबाड नव्हते. आम्हां वाणिज्यवाल्यांच्या भाषेत सांगायचे, तर स्मरणाची कीर्द दर वेळी उघडताना थोडी नव्याने लिहिली जाते, आणि प्रश्न विचारणाऱ्याची लेखणीही तीत फिरते.

न्यायालयात सरतपासणीच्या वेळी सूचक प्रश्नाला वकील हरकत घेऊ शकतो. पण पोलीस ठाण्यात पहिला जबाब देणाऱ्या साक्षीदाराशेजारी हरकत घेणारा कोण असतो? 'त्याला दाढी होती ना?' असे एकदा विचारले, की ती दाढी निकालापर्यंत चिकटून राहते.

आपल्या बेळगावात याला आणखी एक पदर आहे. साक्षीदार मराठीत सांगतो आणि कागदावर ते कन्नडात उतरते. गाडी 'लागली' म्हणजे 'तागितु'. घाईत 'डिक्की होडेयितु' लिहिले गेले, तर साध्या धक्क्याची टक्कर होते! दोष कोणत्याच भाषेचा नाही, घाईचा आहे.

यावर उपाय आहेत. इंग्लंड-वेल्समध्ये १९९० च्या दशकापासून पोलिसांना 'पीस' नावाची पद्धत शिकवितात. तीत साक्षीदाराला आधी न तोडता बोलू द्यायचे, प्रश्न नंतर. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत साक्षीदाराचा जबाब ध्वनिचित्रमुद्रित करण्याची मुभा आहे. सरसकट सक्ती नाही. माझ्या मते गंभीर गुन्ह्यांत तरी ती हवी. मुद्रणात उत्तराबरोबर प्रश्नही ऐकू येतो, आणि साक्षीदाराचा शब्द त्याच्याच भाषेत राहतो.

यात वेळ आणि पैसा जाईल, असे कुणी म्हणेल. पण निरपराध माणूस आत गेला, की खरा गुन्हेगार बाहेर मोकळा फिरतो, हा तोटा कोणत्या खात्यावर टाकायचा? शंभर रुपयांच्या खर्चालाही हिशेबतपासनीस व्हाउचर मागतो. इथे तर माणसाचे आयुष्य पणाला लागलेले असते!