दिवसाढवळ्या दिवा

सरडा हा शब्द आपण मराठी माणसे सरड्यासाठी फारसा वापरतच नाही. एखाद्या पुढाऱ्याने रातोरात पक्ष बदलला की आपल्याला सरडा आठवतो. कुणाची मजल फार लांब जाणार नाही हे सांगायचे असले की आपण सरड्याची धाव कुंपणापर्यंत नेऊन थांबवतो. खराखुरा सरडा दिसला, तर मात्र हात आधी दगडाकडे जातो. मीही याच संस्कारात वाढलो. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात शिकागोजवळ लेकीकडे राहायला गेलो, तेव्हा नातीच्या खोलीत, खिडकीशेजारी, जाळीच्या पिंजऱ्यात माझ्या बोटाएवढा हिरवा सरडा बघून मी दारातच थबकलो.

"आजोबा, हा बंड्या," नातीने ओळख करून दिली. दहाव्या वाढदिवसाला तिने सायकल नको म्हणून हा मागून घेतला होता.

बंड्या शॅमेलिऑन होता. त्याची जात मूळची येमेनची आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य भागातली. आपल्याकडे ज्याला घोयरा म्हणतात, त्याचा हा जवळचा भाऊबंद. डोक्यावर तुरा, शेपटीचे वेटोळे, पाय चिमट्यासारखे फांदी धरणारे, आणि दोन डोळे दोन दिशांना फिरणारे. एका डोळ्याने तो माझ्याकडे बघत असे, दुसऱ्याने रातकिड्याकडे. या पिल्लांना आई माहीतच नसते. मादी मातीत अंडी पुरते आणि निघून जाते. पिल्लू मातीतून वर येते ते आपले आपणच जगायला.

नातीने त्याची दिनचर्या वहीत लिहून ठेवली होती. सकाळी पानांवर पाण्याचा फवारा मारायचा, कारण हा प्राणी वाटीतले पाणी ओळखत नाही. पानावरून ओघळणारे थेंब चाटतो. घर तापवणाऱ्या यंत्राने खोलीतली हवा कोरडी होते, म्हणून संध्याकाळी पुन्हा फवारा. खायला जिवंत, छोटे रातकिडे. त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा एकही नको. मासे तळताना आपण रव्यात घोळवतो, तसे ते रातकिडे कॅल्शियमच्या पुडीत घोळवायचे. उरलेले रात्री पिंजऱ्यात सोडायचे नाहीत, कारण तेच उलटे त्याला चावतात. आणि वहीत लाल शाईने लिहिले होते : हातात घ्यायचे नाही.

"मग पाळायचा कशाला?" मी विचारले.

"बघायला," ती म्हणाली.

पिंजऱ्यावर दोन दिवे होते. एक ऊब देणारा. दुसरी पांढरी नळी, सकाळपासून संध्याकाळपर्यंत जळणारी. आमची पिढी खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करणारी. खिडकीतून लख्ख ऊन पिंजऱ्यावर येत असताना ही नळी कशाला, असे मला वाटले आणि मी ती बंद केली. नात म्हणाली, "आजोबा, तो दिवा लागतो त्याला." मी म्हणालो, "अगं, सूर्यापेक्षा का तुझा दिवा मोठा? मी चार पावसाळे जास्त पाहिलेत." ती गप्प बसली. आजोबांशी वाद घालायचा नाही, हे लेकीने तिला शिकवले होते. त्या दिवसापासून तो दिवा लागला नाही.

दोनेक महिन्यांनी बंड्याचा नेम चुकू लागला. शॅमेलिऑनची जीभ त्याच्या धडापेक्षा लांब सुटते आणि डोळ्याचे पाते लवायच्या आत भक्ष्य घेऊन परतते. बंड्याची जीभ अर्ध्यातच लटकू लागली. मग फांदीवरची पकड सैल झाली. एका सकाळी तो पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला सापडला, दिवसाढवळ्या डोळे मिटलेले, अंगाचा रंग काळपट. पुढचे दोन्ही पाय कमानीसारखे वाकले होते.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी क्ष-किरण चित्र काढले आणि पहिला प्रश्न विचारला तो दिव्याचा. खिडकीच्या काचेतून ऊन येते, उजेड येतो. पण अतिनील किरणांतला जो भाग या प्राण्याला हवा असतो, तो जवळजवळ सगळा काचेतच अडतो. तो कातडीवर पडला नाही, तर अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही. ते नसले, की खाल्लेले कॅल्शियम अंगी लागत नाही. मग शरीर ते हाडांतून ओढून घेते, आणि वाढत्या वयातली हाडे मऊ पडून वाकतात. औषध मिळाले. दिवा रोज बारा तास लावायचा, असे ठरले. बंड्या कदाचित वाचेल, पण वाकलेले हाड सरळ होणार नाही, असे डॉक्टर म्हणाले.

परतताना गाडीत कुणी बोलले नाही. घरी आल्यावर मी नातीसमोर बसलो आणि म्हणालो, "चूक माझी आहे. तू सांगत होतीस, मी ऐकले नाही." मुलांची माफी मागण्याची आमच्या पिढीला सवय नाही; ते एक वाक्य उच्चारायला मला बराच वेळ लागला. ती रडली. मग वही उघडून औषधाच्या वेळा लिहू लागली.

मी वाईट हेतूने काही केले नव्हते. मी काटकसर केली होती, अनुभवाने वागलो होतो. पण तो अनुभव माझा होता, बंड्याचा नव्हता. घरातल्या जिवांना आपण बहुधा असेच सांभाळतो. आपल्याला जे पुरते, ते त्यालाही पुरेल असे गृहीत धरतो. कुत्रा-मांजर निदान तक्रार करतात. बंड्या ओरडला नाही. त्याच्याजवळ सांगायला होता तो फक्त रंग, आणि तो मला वाचता आला नाही. शॅमेलिऑनच्या कातडीतल्या सूक्ष्म स्फटिकांमधले अंतर कमी-जास्त होते आणि त्यामुळे रंग पालटतात, हे जिनिव्हा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली दाखवले. हे रंग पालटणे केवळ लपण्यासाठी नसते. राग, भीती, थंडी, आजार, सारे काही तो रंगातून बोलत असतो. लबाडीचे प्रतीक म्हणून आपण ज्याला बदनाम केले, तो आपल्या अंगावर सगळे उघडे करून हिंडतो.

आता असे परदेशी प्राणी आपल्याकडच्या घरांतही येऊ लागले आहेत. २०२२ साली वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२४ च्या नियमांनी आंतरराष्ट्रीय व्यापार-कराराच्या यादीतल्या अशा प्राण्यांची नोंदणी बंधनकारक झाली. शॅमेलिऑन त्या यादीत आहे. पण नोंदणीने कागद पुरा होतो, सांभाळ होत नाही. मुलाने हट्ट धरला, तर दुकानात जाण्याआधी काही प्रश्न घरातच विचारावेत. हा जीव काय खातो? त्याला कोणता उजेड लागतो? दिवाळीत आपण गावी गेलो तर त्याच्याकडे कोण बघणार? आपल्या गावात त्याला तपासू शकेल असा डॉक्टर आहे का? आणि हात न लावता नुसते बघत राहणे मुलाला जमेल का? एकाचेही उत्तर नाही असले, तर नाही म्हणण्यातच त्या जिवाचे भले आहे.

आपल्या घोयऱ्याबाबत तर प्रश्नच नको. १९७२ च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे. तो धरणे, पाळणे, विकणे हा गुन्हा आहे. त्याला विषारी समजून मारणारे लोक आहेत. तो मुळीच विषारी नाही.

बंड्या वाचला. नात अधूनमधून त्याला व्हिडिओ कॉलवर दाखवते. पाय वाकडेच राहिले, पण तो फांदी चढतो, जरा थांबत थांबत. मी परत आलो तो गावी गेलो, आणि परसातल्या कुंपणावर मला एक घोयरा दिसला. पूर्वी दगड शोधला असता. या वेळी शेजारच्या पोरांना घेऊन लांबच उभा राहिलो. पाऊण तास लागला त्याला चार हात अंतर जायला. एका पोराने विचारले, "घरी नेऊ या का?" मी म्हणालो, नको. त्याची धाव कुंपणापर्यंत आहे. आपलीही तेवढीच असू द्यावी.