आधी घरी सांगावे

अरुणावतीच्या काठी वसलेल्या आमच्या आर्णीत बाबा कंबलपोश यांच्या दर्ग्यासमोर हिंदू आणि मुसलमान सारख्याच भक्तिभावाने उभे राहतात, आणि जे गाऱ्हाणे सहधर्मचारिणीच्या कानी घालण्याचे धैर्य झाले नाही, ते तेथे ओठांतल्या ओठांत निवेदन करून काहीशा हलक्या मनाने घरी परततात. त्या श्रद्धेविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. परंतु जे दर्ग्यात सांगता येते ते चुलीपाशी का सांगता येऊ नये, हा प्रश्न मला वर्षानुवर्षे अस्वस्थ करीत आला आहे.

२०१७ साली गुलाबी बोंडअळीने यवतमाळ जिल्ह्यातील कपाशी पोखरली, त्या हंगामात माझ्या वडिलांनी थकबाकीची नोटीस बंडीच्या आतल्या खिशात आठ महिने वागवली. घामाने तिच्या घड्यांवरील अक्षरे पुसून गेली, तरी घरात कोणास तिची वार्ता नव्हती. अखेर वसुलीचा माणूस दारात उभा राहिला, तेव्हा तुरी पाखडणाऱ्या आईने सूप खाली ठेवले आणि मुकाट्याने त्याला पाणी दिले. रात्री ती एवढेच म्हणाली, "कर्जाचं दुःख नाही जी, पण मले ते परक्याच्या तोंडून समजलं." वडील बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "सांगाले दोनदा आलो होतो. तू पहिले बियाण्याचा हिसाब इचारला."

या दोन वाक्यांत संसाराची अवघी कैफियत सामावलेली आहे, असे मला वाटते. अब्रूच्या भयाने पुरुष दुःख लपवितो आणि त्या लपविण्यालाच कर्तेपण समजतो, हा त्याच्या चारित्र्याचा दोष खरा. परंतु सांगू पाहणाऱ्यास आरोपीप्रमाणे उभे करून त्याची जबानी घेणे, हा ऐकणाऱ्याचा दोषही तितकाच खरा आहे. हिशेब अवश्य मागावा, कारण कर्ज अखेर साऱ्या घरालाच फेडावे लागते; मात्र तो मागण्यापूर्वी माणसाला त्याची हकिकत शेवटपर्यंत सांगू द्यावी.

राज्य शासनाने २०१५च्या सुमारास शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, ज्यात आशा स्वयंसेविका दारोदार जाऊन मनाची विचारपूस करतात, आणि १०४ या क्रमांकावरही सल्ला मिळतो. हे साहाय्य मोलाचे आहे, आणि ते घेण्यात कमीपणा मुळीच नाही. तथापि त्या भगिनी येण्याआधी आणि त्या निघून गेल्यावरही माणसापाशी असते ते त्याचे घरच.

बोंडअळीच्या त्या वर्षापासून आमच्याकडे पेरणीपूर्वी एका संध्याकाळी पासबुक, सातबारा आणि उधारीच्या चिठ्ठ्या आईसमोर मांडल्या जातात. आणि वडील बोलत असेपर्यंत ती एकही प्रश्न विचारत नाही.