श्रमिकांच्या मुलांचा खेळाचा तास कोणी गिळला?

परभणी जिल्ह्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावाबाहेर पहाटेच्या अंधारात डांबरी रस्त्यावर तरुणांच्या टोळ्या धावताना दिसतात. जिंतूर असो, गंगाखेड असो की पालम, दृश्य एकच. भरधाव मालमोटारींच्या कडेने ही मुले-मुली पोलीस भरतीची तयारी करीत असतात. भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते; १०० मीटरची धाव व गोळाफेक यांचे गुण निराळे. हे तरुण माध्यमिक शाळांतूनच बाहेर पडलेले आहेत, आणि त्या शाळांच्या वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाची तासिका छापलेली होती. मग श्वास कसा राखावा, गोळा कसा धरावा, हे शिकण्यासाठी शाळा सुटल्यावर खाजगी अकादमीला पैसे का मोजावे लागतात? हा प्रश्न सरकारला, संस्थाचालकांना आणि समाजवादी कार्यकर्त्यांनाही विचारला गेला पाहिजे.

उत्तर अवघड नाही. ती तासिका कागदावर होती. नववी-दहावीत शारीरिक शिक्षण हा श्रेणीचा विषय. निकालाच्या टक्केवारीत त्याला स्थान नाही. ज्या विषयाला गुण नाहीत त्याला शाळेत वाली नसतो. गणिताचा भाग मागे पडला की पहिला घाला खेळाच्या तासावर पडतो. इंग्रजीचे शिक्षक रजेवर गेले की क्रीडाशिक्षकाने वर्ग सांभाळायचा. वर्षअखेर मात्र प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावापुढे श्रेणी न चुकता भरली जाते. जीव ओतून मैदान राखणारे क्रीडाशिक्षक आजही आहेत. पण त्यांचे काम त्यांच्या चिकाटीवर चालते, व्यवस्थेच्या आधारावर नव्हे.

ही दुरवस्था आपोआप आलेली नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीत शंभरांहून अधिक मुले असलेल्या शाळेला आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक देण्याची तरतूद केली. ‘अंशकालीन’ या शब्दातच सरकारची वृत्ती दिसते. शिवाय हा कायदा आठवीला संपतो. ज्या वयात शरीर झपाट्याने वाढते, ज्या वयात मुलगी शाळा सोडण्याच्या उंबरठ्यावर असते, त्या नववी-दहावीच्या मुलांना कायद्याचे छत्र नाही. २०१२ मध्ये राज्याने शिक्षक भरती रोखली. निवृत्त झालेल्या क्रीडाशिक्षकांच्या जागा त्यामुळे रिकाम्या राहू लागल्या, आणि पुढे कायम शिक्षकाऐवजी तासिकेगणिक मानधनावरच्या ‘अतिथी’ निदेशकाची कल्पना पुढे आली. शेतमजुराला रोजंदारी आणि त्याच्या मुलाच्या शिक्षकालाही रोजंदारी, असा हा न्याय! २०१७ मध्ये तर कला आणि शारीरिक शिक्षणाच्या तासिकांना कात्री लावणारे वेळापत्रक निघाले, आणि त्याविरुद्ध शिक्षकांना आवाज उठवावा लागला.

यावर एक शहाजोग युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. खेड्यातील मूल शेतात राबतेच, मैलभर चालत शाळेत येते. त्याला आणखी व्यायाम कशाला? हा युक्तिवाद करणाऱ्यांची मुले पोहण्याच्या आणि टेनिसच्या शिकवणीला जातात. कापूस वेचताना तासन्‌तास वाकलेली पाठ आणि डोक्यावर हंडा घेऊन अवघडलेली मान यांना व्यायाम म्हणणे ही क्रूर थट्टा आहे. श्रमात शरीर एकाच बाजूने झिजते. शारीरिक शिक्षणात ते सर्व अंगांनी घडते. श्रम पोटासाठी, दुसऱ्याच्या हुकमाने होतात. खेळात मूल स्वतःच्या इच्छेने उतरते, नियम पाळते, हरते आणि पुन्हा उभे राहते. ज्यांच्या वाट्याला लहानपणापासून राबणे येते त्यांनाच खेळाची गरज अधिक आहे. गंगाखेड-पालमच्या डोंगरपट्ट्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले हंगामात फडावर असतात. त्यांच्या बालपणातून वर्गाबरोबर मैदानही वजा होते.

मैदानाचा प्रश्नही तेवढाच गंभीर आहे. गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या खोऱ्यातील ही काळी कसदार माती कापसाला वरदान असली तरी खेळाला वैरी आहे. पावसाळ्यात ती पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. तिच्यावर मुरूम पसरून, पाणी मारून, रोलर फिरवला तरच मैदान तयार होते, आणि हे काम दरवर्षी करावे लागते. त्याला लाखोंचा खर्च नाही. पण तेवढीही तरतूद शाळेच्या हाती नसते. उलट सभेचा मंडप, लग्नाची पंगत आणि नेत्यांच्या गाड्या यांसाठी तेच मैदान हक्काने वापरले जाते.

सरकारचे लक्ष आहे ते पदकांकडे. २००१ च्या राज्य क्रीडा धोरणाने जिल्हा व तालुका पातळीवर क्रीडा संकुलांचा मार्ग धरला, २०१८ पासून केंद्राच्या ‘खेलो इंडिया’ स्पर्धांचा गाजावाजा सुरू झाला. संकुले हवीतच, पण तालुक्याच्या गावापासून लांब राहणारे मूल तिथे रोज कसे पोचणार? शालेय स्पर्धांचीही तीच तऱ्हा. कबड्डीचा संघ १२ जणांचा. पाचशे मुलांच्या शाळेतून मुलांचा एक आणि मुलींचा एक संघ तालुक्याला जातो, बाद पद्धतीत पहिलाच सामना हरतो आणि शाळेचे क्रीडावर्ष तिथेच संपते. उरलेल्या पावणेपाचशे मुलांनी काय करायचे, याचे उत्तर कोणत्याही परिपत्रकात नाही. सवलतीचे क्रीडागुणही स्पर्धेत उतरलेल्यांनाच.

आणि पदके तरी या पद्धतीने मिळतात काय? शेजारच्या बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचे रौप्यपदक घेऊन आला. वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांचा हा मुलगा शाळेत पायी जात होता. पण धावपटू म्हणून त्याला ओळखले ते सैन्यात गेल्यावर. खुद्द परभणीच्या ज्योती गवतेने २०१७ साली मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला क्रमांक मिळवला. अशा यशानंतर नेते सत्काराला पुढे येतात. परंतु असे किती पाय शाळेच्या भिंतीआड ओळखल्यावाचून राहिले, याचा हिशेब कोणी मांडत नाही. मुलींच्या बाबतीत तर हा हिशेब अधिक कडू आहे. कपडे बदलायला खोली नाही, पाण्याचे स्वच्छतागृह नाही, शिक्षिका नाही; मग आठवीनंतर मुलगी मैदानाच्या कडेला बसते आणि लवकरच तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात.

मराठवाड्याचे हे मागासलेपण जुने आहे. मुंबई इलाख्यात १९३७ साली स्वामी कुवलयानंदांच्या अध्यक्षतेखाली शारीरिक शिक्षणाची समिती नेमली गेली आणि १९३८ मध्ये कांदिवलीला शिक्षक घडविणारी संस्था निघाली, तेव्हा परभणी निजामाच्या राज्यात होते. १९४८ च्या मुक्तीला पाऊणशे वर्षे उलटली; आता निजामाकडे बोट दाखवून सुटका नाही. १९७८ मध्ये युनेस्कोच्या सनदेने शारीरिक शिक्षण व खेळ हा सर्वांचा मूलभूत हक्क असल्याचे जाहीर केले. हक्क म्हटल्यावर तो सगळ्यांचा असतो, निवडलेल्या बाराजणांचा नव्हे.

समाजवादी चळवळीला हे नवे नाही. १९४१ साली उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाने जातिधर्म विसरून मुले-मुली एका मैदानावर आणली. पुढे चळवळ सभा-मोर्च्यांत गुंतली आणि संध्याकाळचे मैदान सुटले. सुटलेले मैदान मोकळे राहत नाही. मुलांना खेळ देणारा त्यांच्या मनात विचारही पेरतो, हे प्रतिगाम्यांनी नीट ओळखले आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी हा प्रश्न हाती घेतला पाहिजे. प्रत्येक माध्यमिक शाळेचे वेळापत्रक मागून घ्यावे आणि तासिका प्रत्यक्ष होते की नाही, हे पालकांसह पाहावे. प्रत्येक शाळेला पूर्णवेळ, कायम क्रीडाशिक्षक आणि मुलींसाठी शिक्षिका मिळावी. शिक्षणहक्क कायद्याची मर्यादा दहावीपर्यंत वाढवावी. मैदानाच्या मुरुमासाठी दरवर्षी निधी मिळावा. शालेय स्पर्धा साखळी पद्धतीने व्हाव्यात. ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या वसतिगृहांना मैदान सक्तीचे करावे. या मागण्या घेऊन जिल्हा परिषदेवर जावे. आणि सरकार जागे होईपर्यंत प्रत्येक शाखेने आपल्या गावात रोज संध्याकाळी एक तास मुला-मुलींना एकत्र खेळवावे. त्यासाठी लागतो तो चुना, दोरी आणि वेळ देणारा एक कार्यकर्ता.