अर्थसंशोधनाचे दफ्तर खुले हवे

राष्ट्रांचे कर्ज, चलन आणि विनिमयदर यांविषयी विद्वान जे सिद्धांत मांडतात, त्यांचा परिणाम ज्यांनी ते प्रबंध कधी पाहिलेही नाहीत अशा कोट्यवधी माणसांच्या पगारावर, पेन्शनवर आणि औषधपाण्यावर होत असतो. म्हणून असे संशोधन मूळ आकड्यांसह आणि गणितासह लोकांपुढे ठेवणे हे संशोधकाचे कर्तव्यच होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामांकित अर्थशास्त्रज्ञांनी 2010 साली असे प्रतिपादन केले की, सरकारी कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 90 टक्क्यांपलीकडे गेले म्हणजे आर्थिक वाढ खुंटते. महायुद्धोत्तर काळातील प्रगत राष्ट्रांसाठी ही सरासरी वाढ त्यांच्या हिशेबी उणे 0.1 टक्का भरली. युरोप तेव्हा कर्जसंकटात सापडला होता, आणि युरोपीय आयोगाच्या ओली रेन यांच्यापासून अमेरिकी काँग्रेसमधील पॉल रायन यांच्यापर्यंत काटकसरीच्या अनेक पुरस्कर्त्यांनी या संशोधनाचा हवाला दिला.

पुढे ॲमहर्स्ट येथील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचा थॉमस हर्नडन हा विद्यार्थी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून तीच सरासरी पुन्हा काढू लागला, परंतु ताळा जमेना. तेव्हा त्याने मूळ लेखकांकडे त्यांचे संगणकावरील कोष्टक मागितले, आणि त्यांनी ते दिले. सूत्र 49व्या ओळीपर्यंत जावयाचे ते 44व्या ओळीशीच थांबल्यामुळे ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा व डेन्मार्क हे पाच देश हिशेबाबाहेर राहिले होते. शिवाय काही वर्षांचे आकडे वगळलेले होते, आणि न्यूझीलंडच्या एका वर्षाला ब्रिटनच्या 19 वर्षांइतकेच वजन मिळाले होते. हर्नडन आणि त्याच्या दोन प्राध्यापकांनी 2013 साली फेरहिशेब प्रसिद्ध केला, तेव्हा ती सरासरी 2.2 टक्के निघाली. सूत्रातील चूक लेखकांनी कबूल केली. मात्र कर्ज वाढले की वाढीचा वेग मंदावतो, या मूळ प्रतिपादनावर ते ठाम राहिले.

चूक कोणाच्याही हातून होते. परंतु ते कोष्टक पहिल्याच दिवशी प्रसिद्ध झाले असते, तर तिची दुरुस्ती व्हावयास तीन वर्षे लागली नसती, आणि त्या तीन वर्षांत अनेक देशांच्या अंदाजपत्रकांवर कात्री चालली, हे विसरता येत नाही. चालू वाटाघाटी व बाजारातील संभाव्य घबराट यांसाठी काही गुप्तता क्षम्य आहे; गतकाळाच्या आकडेवारीला मात्र ती सबब लागू पडत नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने 2015 पासून आपली आकडेवारी विनाशुल्क खुली केली, हे म्हणूनच स्तुत्य होय.

ही परंपरा आपल्यालाही परकी नाही. रुपयाच्या प्रश्नावर 1923 साली ग्रंथ लिहिणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1925 साली हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली, आणि ती प्रश्नोत्तरांसह छापली गेल्यामुळेच त्यांचा युक्तिवाद आजही कोणालाही पारखून पाहता येतो. 2018 साली आपल्याही राजकोषीय उत्तरदायित्वाच्या कायद्यात केंद्र व राज्ये मिळून कर्जासाठी 60 टक्क्यांची मर्यादा आली. अशी मर्यादा जेव्हा जेव्हा ठरेल वा बदलेल, तेव्हा तिच्यामागचे आकडे व गणित त्याच दिवशी, सुबोध मराठी गोषवाऱ्यासह, जाहीर झाले पाहिजे. कारण कर्जाची फेड ज्याच्या करातून व्हावयाची, त्याला तो हिशेब तपासण्याचा पहिला हक्क आहे.